कोंबडा मांडीवर घेऊन: ठाकूरद्वार ते डिलाईल रोड

रविवारी सकाळी मामीचा फोन आला तेव्हा मी पोहे परतत होते. "अँटॉप हिलाक जाऊन शोभाकडसून कोंबडो घेऊन ये गो. संध्याकाळी राखणदाराक देवचो आसा."

मामाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि मंगळवारी ऑपरेशन होतं. तो त्यातून सुखरूप उठावा म्हणून मामीने गावच्या राखणदाराला, वेशीवरच्या देवाला, कोंबड्याचा नवस बोलला होता. गावी जाणं शक्य नव्हतं, म्हणून डिलाईल रोडच्या चाळीतच गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मी मासे आवडीने खाते, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. खरी अडचण टेबलापलीकडे बसली होती. माझी मुलगी इरा, वय सतरा, हिने वर्षभरापासून मांस-मासेच काय, दूध-दहीसुद्धा सोडलंय.

"मी पण येते," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"त्याच्यासोबत कुणीतरी असायला हवं ना."

ठाकूरद्वारहून अँटॉप हिलला आम्ही बसने गेलो. रविवारी रस्ते मोकळे असतात, खिडकी मिळते, आणि दोघींचं तिकीट एका वडापावापेक्षा महाग पडत नाही. इरा सगळा वेळ बाहेर बघत होती. एकदाच वळून म्हणाली, "तुझी पर्स चामड्याची आहे, माहितीये ना?" मी पर्स मांडीवरून खाली ठेवली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

शोभामावशी म्हणजे मामीची बहीण. सरकारी वसाहतीत तळमजल्यावर राहते आणि मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळते. तिने कोंबडा कापडी पिशवीत घातला, मान तेवढी बाहेर ठेवली. तांबूस, ऐटदार, डोळा सतत फिरता.

"संध्याकाळपर्यंत ह्येका काय घालू नको हां," ती मला म्हणाली. "भुकेलो रवलो की म्होरचे तांदूळ टिपता. टिपल्यान, की देवान घेतल्यान."

"म्हणजे त्याला विचारायचं, आणि उत्तर आपणच ठरवून ठेवायचं?" इरा म्हणाली. "देवाला फसवता तुम्ही?"

मावशी हसली. "देवाक कोण फसवतलो, बाय? माणसांका धीर व्हयो असता."

कुणाला जिवंत कोंबडा घेऊन मुंबईतून जायचं असेल तर एक सांगते: बसच्या नादी लागू नका. कंडक्टरने लांबूनच हात हलवला. "त्याचं फुल तिकीट की हाफ, काकू? उतरा, उतरा." दोन टॅक्सीवाले थांबून निघून गेले. तिसरा तयार झाला. "सीट पे नहीं मॅडम, गोद में." पिशवी इराने घेतली. जरा वेळाने तिने माझा हात ओढून पिशवीवर ठेवला. कापडाखाली ते छोटं हृदय इतकं भरभर धडधडत होतं की मी हात काढून घेतला.

दादरला नारळ आणि फुलं घ्यायची होती. फुलबाजारात दुपारी गेलात तर गर्दी कमी असते आणि झेंडू स्वस्त मिळतो, पण शेवंती तोवर मान टाकते. आधी एका जुन्या उपाहारगृहात बसलो. मला पीयूष हवं होतं. इरासमोर मी कोकम सरबत मागवलं. ती साबुदाणावडा दह्याशिवाय खात होती आणि पिशवी तिच्या पायांशी होती. शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, "वा, पाहुणे काय घेणार?" आम्ही दोघीही हसलो नाही.

नारळ घेऊन मी परतले तेव्हा इरा भेळवाल्याच्या गाडीशेजारी उकिडवी बसली होती. हातात कुरमुऱ्यांची रिकामी पुडी. कोंबड्याच्या चोचीला एक कुरमुरा चिकटला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोटाने तो कुरमुरा काढला आणि टॅक्सीला हात केला.

चाळीच्या गॅलरीत मामीने पाट मांडून ठेवला होता. मामा खुर्चीत, खांद्यावर टॉवेल, गेल्या महिन्यापेक्षा निम्मा झालेला. मामीने कोंबड्याच्या एका पायाला सुतळी बांधली, पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुढ्यात तांदळाची मूठ ओतली. मामा धापा टाकत गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, आज तुझो लेकरू दूरसून हाक मारता हा..." दारादारांतून शेजारी म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "मंगळवारी होवचा काम बरा होवंदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

मग सगळे वाकून बघू लागले. कोंबड्याने तांदळाकडे पाहिलं. मान वळवली. पंख झाडले आणि एका पायावर निवांत उभा राहिला.

मामीने तांदूळ पुढे सरकवले. पुन्हा सरकवले. तिची बांगडी पाटाला लागून वाजत होती. कुणीतरी मागे कुजबुजलं, "घेणा नाय." मामाचा चेहरा पांढरा पडला. त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि टॉवेल तोंडावरच धरून ठेवला. एवढा घाबरलेला माणूस परवा ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होता. मी बोलले तर कोंबड्याला भूक लागेपर्यंत थांबतील आणि मग खालचा मटणवाला आहेच. नाही बोलले तर मामा ही भीती घेऊन जाईल.

"मी त्याला खायला घातलंय," इरा म्हणाली. "दादरला. पोटभर."

मामी तिच्याकडे वळली. "तुका आजोबांचो जीव मोठो, की कोंबड्याचो?"

"मला दोन्ही..." इरा म्हणाली.

तेवढ्यात मामा हसला. खोकला आला तरी हसतच राहिला. "म्हणजे देव रागावलो नाय. कोंबडो जेवन इलोहा!" गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं.

"रातीपर्यंत थांबाया," मामी म्हणाली. "भूक लागतली."

"राहूंदे."

"नवस मी बोललंय, तुमी नाय."

मामाने टॉवेल खाली ठेवला. "इरा, इकडे ये. तुला एक विचारतो. परवा छातीत झडप बसवणार ती गाईची. म्हणजे गाईच्या हृदयावरच्या पडद्याची केलेली. धातूचीही मिळते, पण मग जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि सारख्या तपासण्या. डॉक्टर म्हणतात, या वयात जनावराचीच बरी. तू सांग. कुठली बसवू?"

मामीला हे माहीत नव्हतं. ती पाटाशीच बसली. "गाईची?"

इराने कठडा धरला होता. कोंबड्याकडे पाहिलं, मग मामाच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे. खालून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या येत राहिल्या.

"डॉक्टर सांगतायत तीच," ती म्हणाली. इतक्या हळू की मामाने कान पुढे केला. "तीच बसवा, आजोबा."

"एका माणसाक जगवूक किती जीव लागतत," असं स्वतःशीच म्हणत मामीने तांदूळ गोळा केले आणि कोंबड्याच्या पायाची सुतळी सोडली. मग नारळ फोडला. राखणदाराला काय सांगितलं ते तिने आम्हाला ऐकू दिलं नाही.

परतीची टॅक्सी अँटॉप हिलमार्गे केली. भाडं दुप्पट झालं, पण शोभामावशीने कोंबडा परत घेतला, बडबड करत. इराने पिशवी दिली आणि लगेच मागे फिरली. जिंकल्यासारखी ती मुळीच दिसत नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. मामा घरी आला त्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्याने इराचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. तिने तो काढून घेतला नाही. नवस फेडायचा राहिला आहे असं मामी अजून म्हणते. मामा तिला म्हणतो, मी फेडतोय की, रोज जिना चढून.

मामाला भेटून आलो त्या संध्याकाळी ठाकूरद्वारला मी रात्रीच्या भातासाठी तांदूळ निवडत होते. इरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, त्या गाईपुढे कुणी तांदूळ ठेवले असतील का गं?"

मी ताटातला खडा शोधत राहिले. खडा नव्हता.