चौतीस वस्तूंची यादी

हॉस्पिटलात सगळे त्यांना रेकॉर्डकाका म्हणत. वय काही काका म्हणण्याइतकं नव्हतं, सेहेचाळीसच. पण तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये बावीस वर्षं फायलींची धूळ खाल्ली की माणूस आपोआप सगळ्यांचा काका होतो. कुठल्याही पेशंटचा नंबर सांगा, मान वर न करता ते सांगणार, तिसरं रॅक, खालून दुसरा कप्पा. आणि फाइल तिथेच असायची.

काकांना नाद एकच होता, कॅमेऱ्याचा. त्यातही फोटो काढण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सामानाचा जास्त. घरी सेकंडहँड घेतलेला एक कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली लेन्स, एवढीच काय ती इस्टेट. पण माहिती विचाराल तर दुकान थाटण्याइतकी. बाजारातून जाताना कॅमेऱ्याच्या दुकानापुढे त्यांचे पाय जमिनीला चिकटत. त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. ती म्हणायची, लोकांच्या बायका सोनाराच्या काचेपुढे थांबतात, माझ्या नशिबी उलटं आलं.

तर एके दिवशी त्वचारोग विभागाच्या मोठ्या बाई स्वतः जिना उतरून तळघरात आल्या. हातात एका पेशंटचे दोन फोटो, दोन्ही शिकाऊ डॉक्टरांनी आपापल्या फोनवर काढलेले. गुडघ्यावरचा चट्टा एकात लालभडक, दुसऱ्यात तपकिरी. एकात वाटीएवढा, दुसऱ्यात बशीएवढा. पेशंट बरा होतोय की बिघडतोय, हेच बाईंना कळेना, म्हणून त्या जुनी फाइल बघायला आल्या होत्या. काकांनी फाइल काढून दिली आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले, "बाई, चट्टा आहे तेवढाच आहे. पहिला फोटो सकाळी खिडकीपाशी काढलाय, दुसरा ट्यूबलाइटखाली, आणि जवळून."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांनी काकांच्या टेबलावर कागद येऊन पडला. त्वचारोग विभागात फोटोची स्वतंत्र खोली होणार, ती काकांनी सांभाळायची, आणि लागणाऱ्या सामानाची यादी स्टोअरकडे द्यायची.

सामानाची यादी! काकांनी तो कागद तीनदा वाचला. घरी गेल्यावर चहा निवून गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. चार दिवस ते यादीच करत होते. दोन कॅमेरे, एक नेहमीचा आणि एक अडीअडचणीला. पाच लेन्स. तीन प्रकारचे स्टँड. फिल्टर, फ्लॅशचा उजेड पसरवायच्या छत्र्या, बॅगा दोन, शिवाय पाण्याखाली फोटो काढायचं कव्हर. एकूण चौतीस वस्तू झाल्या. सुंदर अक्षरात लिहून, खाली दुहेरी रेघ मारून, काका स्टोअरच्या दारात जाऊन उभे राहिले.

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे कात्रीबाई म्हणे. कुणाचीही यादी त्यांच्या टेबलावरून आली तशी परत गेली नव्हती. सर्जनसुद्धा त्यांच्यापुढे आवाज खाली आणत. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती, पण धार कमी झालेली नव्हती. त्यांचा प्रश्न ठरलेला: "याच्याशिवाय अडेल का?"

कात्रीबाईंनी चष्मा लावला आणि एकेका वस्तूवर बोट ठेवत गेल्या. दुसऱ्या कॅमेऱ्याशिवाय अडेल का? तसं अडणार नाही. लांबच्या लेन्सशिवाय? काका म्हणाले, ती पक्ष्यांसाठी चांगली असते. बाईंनी विचारलं, विभागात पक्षी किती येतात? मग बोट पाण्याखालच्या कव्हरवर आलं. तिथेच अडलं.

"पेशंट पोहत येणार आहेत का?"

काकांनी स्वतःच पेन काढून ती ओळ खोडली. शेवटपर्यंत पोचता पोचता चौतिसातली एकही धड उरली नाही. पण कात्रीबाईंनी कागद फाडला नाही. त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूकडे बोट दाखवलं. "घरी कॅमेरा आहे ना तुमच्याकडे? आठ दिवस त्याच्यावर काम करा. जिथे अडेल तिथे इथे लिहायचं. मग या."

काका असे काही हिरमुसले की त्या दिवशी जिन्यात दोघांनी विचारलं, घरी सगळं बरं आहे ना.

खोली मिळाली ती प्लॅस्टरचं सामान ठेवायची होती. कोपऱ्यांतून अजून पांढरी पूड निघे. काकांनी ती झाडून घेतली, घरचा कॅमेरा आणला आणि कामाला सुरुवात केली. नियम मोठ्या बाईंनी घालून दिले होते: आधी पेशंटची सही, मग फोटो, आणि गरज नसेल तिथे चेहरा घ्यायचा नाही.

पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी अडलं. घरची लेन्स घेऊन बोटावरच्या बारीक फोडीजवळ गेलं की फोटो धूसर येई, आणि आणखी पुढे सरकलं तर कॅमेऱ्याचीच सावली बोटावर. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला तर तेलकट कपाळ आरशासारखं चमके. आणि मागे कुणाची फुलाफुलांची साडी, कुणाचा चौकड्याचा शर्ट, त्यात चट्टा शोधावा लागे. काकांनी हे सगळं रात्री जेवताना बायकोला सांगितलं. तिने हात धुतले, कपाटातून गडद निळ्या सुती कापडाचा तागा काढला आणि दोन मीटर कापून पुढ्यात ठेवलं.

"हे मागे लावा. चकाकणारं कापड घेऊ नका, डोळा तिकडेच जातो. आणि अहो, माप कुठे घेताय तुम्ही?"

"माप कशाचं?"

"चट्ट्याचं. मापाशिवाय मी बाही कापत नाही, आणि तुम्ही माणसाचं अंग मोजताय नजरेने?"

काकांना स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं प्रत्येक कागदाला नंबर घालणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये! दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चट्ट्याशेजारी कागदाची छोटी पट्टी चिकटू लागली, सेंटिमीटरच्या खुणांची, रोज नवी. जमिनीवरही दोन खुणा झाल्या, एक पेशंटच्या पायांसाठी आणि एक काकांच्या. आता अंतर बदलायचा प्रश्नच नव्हता. जुन्या यादीच्या कोऱ्या बाजूवर ओळी वाढत चालल्या. जवळून काढायची लेन्स. लेन्सभोवती गोल बसणारा फ्लॅश, म्हणजे सावली पडणार नाही. एक जादा बॅटरी. कारण एका आजोबांना शर्ट काढून उभं केल्यावर नेमका कॅमेऱ्याने मान टाकली, आणि आजोबा चार्जिंग होईपर्यंत अर्धा तास उघडे बसून राहिले. काका मात्र घामाघूम झाले.

सहाव्या दिवशी एका बेकरीच्या काउंटरवर बसणारी तरुणी आली. मानेपासून पाठीपर्यंत पांढरे डाग. गळाबंद कुर्ता, उकाड्यातही खांद्यावर ओढणी. मोठ्या बाई नवं औषध सुरू करणार होत्या, त्याआधीचा फोटो हवा होता. सोबत नर्स होती. काकांनी सही घेतली, पट्टी चिकटवली, निळं कापड सारखं केलं. पहिला फोटो झाला, दुसरा झाला, आणि दार धाडकन उघडलं. वॉर्डातला माणूस स्ट्रेचरची चौकशी करत होता. त्याच्या मागे बाहेरच्या बाकावरची पाच-सहा माणसं सरळ आत बघत होती.

दार क्षणात लागलं. नर्सने त्या माणसाला चांगलं खडसावलं. त्या मुलीने बटणं लावली, ओढणी ओढली आणि जाताना फक्त विचारलं, "इथे पडदा नसतो का?"

चौतीस वस्तू लिहिल्या होत्या काकांनी, त्यांत पडदा नव्हता.

पुढच्या मंगळवारी तिला परत यायचं होतं. आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आली नाही. काका दर वेळी पेशंटच्या यादीत तिच्या नंबरापुढची रिकामी जागा बघत आणि दिवसभर त्यांचं चित्त ठिकाणावर नसे. रेकॉर्डरूममध्ये हरवलेली फाइल शोधता येते. न आलेलं माणूस कुठल्या कप्प्यात शोधायचं?

आठ दिवसांऐवजी तीन आठवडे लावून दुसरी यादी घेऊन ते स्टोअरमध्ये गेले तेव्हा तिला दुहेरी रेघ नव्हती. वर पहिल्या ओळीत पडदा. दुसऱ्या ओळीत दाराला आतून कडी. तिसऱ्यात स्टूल. मग लेन्स, गोल फ्लॅश, बॅटरी, एक दणकट स्टँड, आणि रंग जुळवायला एक राखाडी कार्ड, म्हणजे लाल ते लालच दिसेल. कॅमेरा सगळ्यात शेवटी. घरचा चालतोय, पण हॉस्पिटलचे फोटो घरच्या कॅमेऱ्यात राहणं बरं नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं होतं.

कात्रीबाईंचं बोट पहिल्या ओळीवर आलं. "याच्याशिवाय अडेल का?"

"अडलंय," काका म्हणाले, आणि त्यांनी बेकरीवालीची हकीकत सांगितली. कुठेही न सजवता, अगदी ती रिकामी जागासुद्धा.

बाईंनी ऐकून घेतलं. मग पेन उचललं. काकांना वाटलं, चालली कात्री. पण त्यांनी स्टुलाखाली एक ओळ वाढवली: खुंट्या, चार. "कपडे काढून बाईमाणूस ठेवणार कुठे? जमिनीवर?" एवढंच बोलून त्यांनी सही केली. कुणाच्या यादीत भर पडल्याचं हॉस्पिटलात कुणी ऐकलं नव्हतं. ही बातमी संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोचली आणि कुणाचाही विश्वास बसला नाही.

सामान यायला महिना लागला. सगळं लावून झाल्यावर एका दुपारी कात्रीबाई तपासायला आल्या. पडदा ओढून पाहिला, कडी लावून पाहिली, खुंटीला हात लावून ती डगडगते का ते पाहिलं. मग स्टुलावर बसल्या. त्यांनी डाव्या हाताची लांब बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर भाजल्याची जुनी खूण होती, आक्रसलेली, चमकदार.

"सातवीत होते. उकळतं पाणी," त्या म्हणाल्या. "काढा बघू. यंत्र चालतं का ते तरी कळेल."

आता काकांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांनी या बाईंना आखूड बाहीत कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखाच सहीचा कागद पुढे केला. बाईंनी तो पूर्ण वाचून सही केली. पट्टी लागली, हात निळ्या कापडावर टेकला, गोल फ्लॅश एकदा चमकला. काकांनी कॅमेऱ्याची स्क्रीन त्यांच्यासमोर धरली.

कात्रीबाई पुढे वाकल्या. पट्टीवरच्या खुणा त्यांनी बोटाने मोजल्या. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"अकराच सेंटिमीटर?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, केवढी तरी आहे."

काकांनी फोटो ठेवायचा की पुसायचा विचारलं. त्या म्हणाल्या, पुसून टाका, बघून झालं. बाही खाली केली आणि जाता जाता दारातून बजावलं की कडीला तेल लागतंय, कुरकुरतेय.

बेकरीवालीला मोठ्या बाईंनी स्वतः फोन केला. काकांनी एवढाच निरोप द्यायला सांगितला होता की खोलीला आता पडदा आहे आणि कडी आहे. दोन आठवडे काहीच नाही. तिसऱ्या मंगळवारी ती आली. आधी कडी तिने स्वतः लावून पाहिली, मग ओढणी खुंटीला अडकवली. मधले फोटो बुडाले होते, पण औषध तिने सोडलं नव्हतं आणि पहिला फोटो होता. त्याच खुणेवर पाय, तेच अंतर, तोच निळा रंग मागे. मोठ्या बाईंनी जुना आणि नवा, दोन्ही फोटो शेजारी ठेवले. खांद्याजवळच्या डागात त्वचेच्या मूळ रंगाचे काळसर ठिपके भरून आले होते, कडा पट्टीवर एका खुणेने आत सरकली होती. तिला पाठ कधी दिसलीच नव्हती. तिने दोन्ही फोटो मोठे करून करून पाहिले, मग पुढची तारीख विचारली, आणि जाताना बेकरीचा पत्ताही सांगून गेली. दुपारी चारला सगळं ताजं असतं म्हणे.

याला आता दोन वर्षं होत आली. काकांच्या खोलीचं नाव बाहेर पोचलंय. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका हॉस्पिटलातून दोन तरुण डॉक्टर आले, वह्या घेऊन. त्यांना अशीच खोली करायची होती आणि कॅमेरा कुठला घ्यावा एवढंच विचारायचं होतं. काकांनी त्यांना आत घेतलं, कडी लावली, पडदा ओढला आणि त्यांच्यातल्या उंच डॉक्टरला म्हणाले, "शर्ट काढून बसा बरं स्टुलावर."

डॉक्टर हसले, पण काका हसत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शर्ट काढला. दोन मिनिटं गेली. काका निवांतपणे लेन्स पुसत होते.

"आता सांगा, काय हवंय?"

डॉक्टरांनी दंड चोळले. "खरं सांगू का, थंडी वाजतेय."

"लिहा," काका दुसऱ्या, वही उघडून उभ्या डॉक्टरला म्हणाले. "हीटर, छोटा. मला सुचायला एक अख्खा हिवाळा गेला."