रिकामा गेलेला वाडगा

सुलेखाला एकच व्यसन आहे. तिला रिकामं भांडं परत करता येत नाही. माझं पातेलं तिच्या घरी राहिलं की मी मुद्दाम मागत नाही. चार दिवसांत ते ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन आपणहून येतं. साताऱ्याच्या आईने लावलेली सवय, ती टोकियोत आली तरी सुटली नाही. सुटावी असं निदान मला तरी कधी वाटलं नाही.

आम्ही दोघी फुनाबोरीत एकाच गल्लीत राहतो. मी टोकाच्या इमारतीत, ती ओगावासानच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण ओगावासान स्वतः, एकट्या, ऐंशीच्या घरातल्या आणि ताठ. सुलेखा राहायला आली त्याच आठवड्यात त्यांनी निळ्या फुलांच्या वाडग्यात शिजवलेला लाल भोपळा आणून दिला. झालं. वाडगा खाली गेला तो शिरा घेऊन.

आता जपानी माणसाची गोष्ट अशी की त्याला काही मिळालं आणि त्याने परत काही दिलं नाही, तर त्याला झोप लागत नाही. ओगावासाननी वाडगा मुळ्याच्या लोणच्याने भरून वर पाठवला. सुलेखाने नारळीभात पाठवला. तिकडून तांदळाच्या पिठाची गोड मोची, इकडून लाडू. दोन्ही घरं वळणाची, मग आधी थांबणार कोण? एकदा ओगावासाननी जुईला, म्हणजे सुलेखाच्या लेकीला, जिन्यातच विचारलं की तुझी आई दर वेळी वाडगा का भरते. जुई तेव्हा जेमतेम पहिलीत, पण जपानी तिचं आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. तिने ठणकावून सांगितलं, "आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. दिलं तर नातं संपतं." आईने कधीतरी दटावताना म्हटलेलं पोरीने जसंच्या तसं पोचवलं.

सुलेखाच्या घराचा भाडेकरार दोन-दोन वर्षांच्या ठरावीक मुदतीचा. अशा कराराची मुदत संपली की तो संपतोच; नवा करायचा की नाही हे सर्वस्वी मालकिणीच्या मनावर. पण इतकी वर्षं तो बिनबोभाट वाढत आला होता, त्यामुळे त्याचा विचारही कुणी करत नसे.

मग सुलेखाच्या नवऱ्याला ज्ञान झालं. शैलेंद्र कावासाकीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. माणूस सोन्यासारखा, पण कुठलंही ट्रेनिंग केलं की आठवडाभर त्याच्याजवळ बसवत नाही. त्या वेळी ऑफिसात जपानी रीतभातीचं ट्रेनिंग झालं होतं. घरी येऊन म्हणाला, "सुलेखा, तू त्या म्हाताऱ्या बाईंना छळतेयस. इथे गिफ्ट म्हणजे प्रेशर असतं. तुझ्या शिऱ्यापायी बिचाऱ्या या वयात भोपळे चिरत बसतात."

सुलेखाच्या मनाला ते फार लागलं. पुढच्या खेपेला मुळा घेऊन आलेला वाडगा तिने घासला, पुसला, आणि आभार मानून तसाच परत दिला.

"दिला गं मी रिकामाच," ती मला म्हणाली. "आईने पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं."

ओगावासाननी वाडगा घेतला, आत पाहिलं, कमरेत वाकल्या आणि दार लावलं.

महिना व्हायच्या आत एजंटाचं पत्र आलं. मार्चअखेर करार संपतो, पुढे वाढवणार नाही.

सुलेखा माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली. जुईची शाळा सुटणार, हे एक. परदेशी म्हटल्यावर एजंट फोनवरच नाही म्हणतात, हे दुसरं. शैलेंद्रने केलेल्या फोनांचं तेच झालं होतं. पण तिचं खरं दुःख वेगळं होतं. "या देशात मला शेजारीण म्हणून ओळखणारं ते एकच दार आहे, नंदिनी. इमारती पुष्कळ मिळतील. ते दार कुठून आणू?"

"मग जाऊन विचार ना त्यांना, काय झालं ते!"

"शैलेंद्र म्हणतो विचारायचं नाही. समोरच्याला अडचणीत टाकल्यासारखं होतं."

पुन्हा ट्रेनिंग! मला असा संताप आला की कढईतली भाजी करपली.

तेवढ्यात दिवाळी आली. सुलेखाने फराळ केला, आणि पहिला डबा कुणाचा भरला? खालचा. शैलेंद्रने तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "घर सोडायचंय, दिवाळी नाही सोडायची. गप्प बस." तिचं जपानी दुकानापुरतं, म्हणून मला दुभाषी म्हणून सोबत नेलं.

ओगावासाननी डबा उघडला. चकल्या, शंकरपाळे, वर बेसनाचा लाडू. मग मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे घर सोडून जाताना हे देतात का?"

"नाही हो. सणाचं आहे. घरच्या माणसांना देतात."

"म्हणजे हे लोक जात नाहीयेत?"

"जातील कशाला? तुम्हीच तर करार संपवलात!"

माझा आवाज जरा चढलाच. ओगावासान गोंधळल्या. मग कपाटातून तो निळा वाडगा काढून दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. "हा रिकामा आला होता. जुईचाननं मला सांगितलं होतं, रिकामा दिला की नातं संपतं. मला वाटलं, यांना दुसरीकडे जायचंय आणि तोंडाने सांगवत नाहीये. विचारून अडचणीत कशाला टाकायचं? म्हणून मीच एजंटाला सांगितलं, त्यांना मोकळं करा."

मी मराठीत सांगितलं. सुलेखा आधी माझ्याकडे, मग वाडग्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी त्यांच्या रीतीने वागले, आणि त्या आमच्या?" असं म्हणून ती अशी हसत सुटली की तिला खालीच बसावं लागलं. तिचं बघून ओगावासानही तोंडावर हात धरून हसायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. जिन्यात कान देऊन उभ्या असलेल्या शैलेंद्रला मी खाली बोलावलं आणि पुन्हा कुठलं ट्रेनिंग केलंस तर घराबाहेरच झोप म्हणून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी निळा वाडगा भोपळा घेऊन वर गेला. नव्या कराराला सगळे एजंटाच्या ऑफिसात जमलो. सुटातला तो पोरगेला माणूस कलम न् कलम वाचत होता. शेवटी त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "मालकिणीला काही खास अट घालायची आहे?"

"आहे," ओगावासान म्हणाल्या. "वाडगा रिकामा परत करायचा नाही."

एजंटाने मान खाली घालून ते लिहायला घेतलं. मग पेन थांबवून अगदी गंभीरपणे विचारलं, "कशाने भरायचा, तेही नमूद करू?"

"ते त्यांच्यावर सोडा. तिखट मात्र कमी."

मी सुलेखाला अर्थ सांगितला. रडत रडत तिने सही केली आणि पिशवीतून निळा वाडगा काढून ओगावासानच्या पुढ्यात ठेवला. शिरा अजून गरम होता.