तात्यांचा कासरा

कासरा उजव्या तळव्याभोवती दोनदा गुंडाळायचा, एक हिसका देऊन बघायचा, विहिरीच्या काठावर मांडी घालून बसायचं आणि म्हणायचं, "घाई कुनाला हाय? पानी काय पळून चाललंय व्हय?" एवढं झाल्याशिवाय तात्यांनी कुठल्याही पोराला पाण्यात उतरू दिलं नाही.

तात्या म्हणजे केडगावातले आमचे शेजारी. साठी उलटलेले, आणि सात सीटची गाडी भाड्याने चालवणारे. घाई नसलेला ड्रायव्हर तुम्ही कधी पाहिलाय का? आम्ही रोज पाहायचो. पुणे रोडवर मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खायच्या, आणि तात्या खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जायला सांगायचे, घरी आलेल्या पाहुण्यांना आत बोलवावं तसे. मी भिंगारला एका शाळेत शिकवते, नवरा एमआयडीसीत शिफ्टवर. आमच्या घरात घाई सोडून दुसरं काहीच नव्हतं. तात्यांच्या गाडीत बसलं की मला आधी चीड यायची आणि पाच मिनिटांत झोप लागायची.

मे महिन्यात तात्या गाडी बाजूला लावून कॉलनीतली पोरं भावाच्या विहिरीवर न्यायचे. भाऊ पाण्यात उतरायचा, तात्या काठावर बसायचे. पोराच्या काखेखालून कासरा बांधलेला असायचा. कासरा बैलांचा होता, बैल विकूनही बरीच वर्षं झाली होती. "बैल दिले, पन ह्यो काय कुनाला देववंना," म्हणायचे.

एखाद्याला पोहता यायला लागलं की ते सांगत नसत. नुसती मूठ उघडायचे. पोर पलीकडच्या पायरीला लागायचं, मागे वळून बघायचं, तर कासऱ्याचं टोक पाण्यावर तरंगत येताना दिसायचं. मग काठावर एकच गलका, "सुटला रे सुटला!" आमच्या कॉलनीत बारावीच्या निकालालाही एवढा आरडाओरडा होत नाही.

माझी मुलगी सई दोन उन्हाळे शिकली, पण सुटली नाही. तिच्या मागून आलेली पोरं सुटली. ती पाण्यातून ओरडायची, "तात्या, सोडा की!" आणि वरून यायचं, "घाई कुनाला हाय?" दुसऱ्या मेच्या शेवटी विहिरीचं पाणी तळाला गेलं. सई संध्याकाळभर रडली.

आता खरं सांगते. तात्यांना मीच सांगितलं होतं. पोरांच्या माघारी त्यांच्या दारात जाऊन म्हणाले होते, "तात्या, तिला सोडू नका." मला पोहता येत नाही. पाण्यात गेलेलं पोर दिसलं की ते वर येईपर्यंत मी आकडे मोजत बसते. तात्यांनी कारण विचारलं नाही. "बरं, बाई," एवढंच म्हणाले. दोन उन्हाळे त्या पोरीचे टोमणे त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात गेलो, तात्यांच्याच गाडीतून. मी आणि नवरा इतके थकलेलो होतो की आठवडाभर आमच्यात गॅस सिलिंडर सोडून दुसरं बोलणं झालं नव्हतं. नवऱ्याने मोबाईलवर लाटांवर फळीवर उभे राहणारे लोक पाहिले आणि आम्हा चौघांची नावं शिकवणीला घालून टाकली. चौघे म्हणजे आम्ही दोघे, नऊ वर्षांची सई आणि सहा वर्षांचा ओम. तात्यांना हे घाटात कळलं. ओम पिशवीत ओकत होता आणि तात्या आरशातून विचारत होते, "फळीवर उभं ऱ्हायचं? चालत्या पान्यात? आन् बाई, तुमी बी?"

सकाळी किनाऱ्यावर तिथलीच एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी शिकवायला होती. तिने आधी आम्हाला वाळूतच फळ्यांवर पालथं झोपवलं. हातांनी पाणी मारायचं, छाती उचलायची, एका झटक्यात उभं राहायचं. ओम लगेच उभा राहिला आणि फळीची बस करून तिच्यावर कंडक्टर झाला. नवरा तिसऱ्यांदा पालथा झाला तो बराच वेळ उठलाच नाही. मला वाटलं लागलं काही, पण त्याचा डोळा लागला होता. मला हेवा वाटला.

तेवढ्यात तात्या आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर कासरा. खाली बसले आणि सईच्या काखेखालून गाठ मारू लागले.

"काका, दोर नको," ती मुलगी म्हणाली. "लाटेत अंगाभोवती गुंडाळला तर पोर त्यातच अडकेल."

"मंग पायाला काय बांदलंय हे?"

"तो पट्टा फळीचा. फळी लांब जाऊ नये म्हणून."

तात्यांनी पट्टा हातात घेऊन पाहिला. "म्हंजी पोरगी फळीला बांदली. आन् फळी कुनाच्या हातात?"

"कुणाच्याच नाही. मी बाजूला असते ना."

तात्यांनी पट्टा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बाई, सोडू?"

बाकी कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. सई माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. मी मान डोलावली. तात्यांनी गाठ सोडवली. स्वतःच मारलेली गाठ सोडवायला त्यांना फार वेळ लागला.

पण ते परत गेले नाहीत. गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मोकळा कासरा तळव्याभोवती दोनदा गुंडाळून. सई डावीकडे गेली की तेही डावीकडे सरकायचे, ती आत गेली की मूठ सैल करायचे. टोकाला काहीच नव्हतं. नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला आणि आम्ही हसलो. मी स्वतः दहा-बारा वेळा पडले, नाकातोंडात खारट पाणी गेलं, आणि एकदाही उभी राहिले नाही. दर वेळी वर येऊन आधी सई दिसते का ते बघायची, मग श्वास घ्यायची.

आणि मग ती उभी राहिली. फार वेळ नाही, एखाद्याने चपला घालाव्यात इतकाच. पण उभी राहिली, फेसासोबत सरळ किनाऱ्याकडे आली आणि उथळ पाण्यात धपकन बसली. तिथे तिच्या पायाशी कासऱ्याचं टोक तरंगत होतं. तिने वळून पाहिलं. तात्यांचा हात उघडा होता.

"तात्या, सुटले!"

"सुटली की," तात्या म्हणाले, आणि पाण्यातच मटकन खाली बसले. आम्हाला वाटलं, आनंदाने.

परतताना घाटात त्यांनी दोनदा गाडी थांबवली. "इंजिन तापलंय जरा," म्हणाले. बाहेर दगडावर बसून राहिले, छातीवर हात ठेवून. मी त्यांच्या मागेच बसले होते. इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीसारखा मधेच होता, तो मला दिसत होता. पण ओम मांडीवर झोपला होता, माझेही डोळे मिटत होते, आणि मी काही विचारलं नाही. आम्ही इतके दमलेले होतो की दुसऱ्याचं दमणं दिसूनही पाहिलं नाही. याची मला लाज वाटते.

पौषात तात्या गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या मुलाने गाडी विकली. ओला कासरा कोकणातून चुकून आमच्या टॉवेलांच्या पिशवीत आला होता. तो परत द्यायला मी गेले, तर तात्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. धाकटा ऱ्हायलाय ना अजून तुमचा."

या मेमध्ये विहिरीला बरं पाणी आहे. तात्यांचा भाऊ खाली उतरतो, सई त्याच्याबरोबर पोहत असते. काठावर मी बसते. कासरा तळव्याभोवती दोनदा गुंडाळते आणि एक हिसका देऊन बघते. काल ओम मधोमध हातपाय मारत पलीकडे निघाला होता. कासरा सैल पडला होता.

"आई, त्याला येतंय," सई खालून म्हणाली. "सोड ना."

मी विचारायला मान वळवली. काठावर माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मग मी तळव्यावरचा एक वेढा उलगडला. दुसरा तसाच ठेवला.