खुणेचा बोया

"बाय, माझा बोया आन. बाकी मला काय न्हाय ऐकायचं."

गुलाबमावशी माझ्या टेबलासमोर उभी होती. तिच्या मागे कोळीवाड्यातल्या बायका पंचायतीच्या दारातच ठाण मांडून बसल्या होत्या. नारळी पौर्णिमेची सकाळ. टेबलावर माझा मोबाइल थरथरत होता, कारण बीडीओ साहेबांना आमच्या स्वच्छता मोहिमेचे फोटो हवे होते.

मी ग्रामसेविका. सरकारने आता आमचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण गावाला त्याचं सोयरसुतक नाही. कोळीवाडा मला 'बाय' म्हणतो, वाडीवाले 'मॅडम' म्हणतात. शिव्या मात्र दोघांच्या सारख्याच.

नागावच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. अर्धं कोळीवाड्याचं, अर्धं नारळ-सुपारीच्या वाड्यांचं. वाड्यांत आता होमस्टे झालेत. किनाऱ्यावरचा कचरा कोणाचा, यावरून दर ग्रामसभेत जुंपते. वाडीवाले म्हणतात कोळ्यांचा, कोळी म्हणतात तुमच्या पाहुण्यांचा. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं, म्हणून दोन्हीकडची माणसं घेऊन मी 'किनारा गट' काढला. ओला-सुका वेगळा करायचा, शहाळ्यांचं खत करायचं, प्लास्टिक कारखान्याला द्यायचं. ठराव एकमताने झाला. आमच्या गावात एकमताने काही होतं तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं.

पहिली मोहीम रविवारी झाली. कोळीवाडा होड्यांना रंग देण्यात आणि जाळी दुरुस्त करण्यात गुंतलेला, त्यामुळे आले फक्त वाडीवाले. गटाचा अध्यक्ष संदेश, स्वतःचा होमस्टे असलेला, उत्साहाने नुसता उतू जाणारा. त्यांनी किनारा आरशासारखा लख्ख केला. जाता जाता सुरूच्या बनामागे पडलेले जुने प्लास्टिकचे कॅनही उचलले. सगळा माल संदेशच्या अंगणात निवडला आणि टेम्पो भरून पेणच्या पुढच्या एका कारखान्यात धाडला. तिथे प्लास्टिकचे तुकडे करून विकतात.

ते कॅन म्हणजे पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणून तिथे ठेवलेले कोळ्यांचे बोये होते.

डोल जाळं म्हणजे एक भलीमोठी पिशवी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ती बांधतात आणि खूण म्हणून वर बोये तरंगत ठेवतात. पूर्वी लाकडाचे असत, आता तेलाचे रिकामे कॅन. बाहेरच्याला तो कचराच वाटणार. पण प्रत्येक घराचा एक खुणेचा बोया असतो. नारळी पौर्णिमेला संध्याकाळी सगळे खुणेचे बोये देवीच्या देवळासमोर मांडतात. पंच एकेकाला कुंकू लावतात. ज्याच्या बोयाला कुंकू लागलं, समुद्रातली त्याची जागा त्या हंगामापुरती पक्की. लिहिलेलं काही नाही, सातबारा नाही. कुंकू हाच उतारा.

मावशीचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. ती खलाशी ठेवून होडी चालवते. तिचा दीर हरेश म्हणतो, जागा भावाची होती, म्हणून आता माझी. मागच्या वर्षी पंचांनी मावशीच्या बाजूने निकाल दिला आणि तिच्या बोयाच्या कानाला तांब्याची तार पिळून बांधली. ती तार म्हणजे पंचांचा शिक्का.

"दुसरा कॅन रंगवला तर नाही चालणार?" मी विचारलं.

"रंग लावून बाकीच्यांचं भागंल, बाय, त्यांच्या जागेवर भांडन न्हाय. माझी तार कोन बांधंल? आज बोया न्हाय मांडला तर हरेशचा मांडला जाईल. मग मी काय करू, बाजारात दुसऱ्याची मासळी विकत बसू?" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आनि तुमचा तो गट खाडीत बुडवा."

मी कारखान्यात फोन लावला. टेम्पो कालच खाली झाला होता आणि मशीन सकाळपासून चालू होती.

"मशीन थांबवा."

"मॅडम, मशीन कशी थांबवणार? ऑर्डर आहे."

"मी येतेय. तोवर आमच्या गावच्या मालाला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे," असं म्हणून फोन ठेवला. माझ्या हातात काडीचा अधिकार नव्हता, पण आवाज होता.

संदेशला गाडी काढायला लावली. त्याचा चेहरा उतरला होता. वडखळला नेहमीसारखी गाड्यांची रांग. सणाला मुंबईहून आलेली सगळी जनता त्याच रस्त्यावर. तेवढ्यात बीडीओ साहेबांचा फोन.

"अहो, फोटो कुठेत? तालुक्यात तुमचाच गट पहिला. वर पाठवायचंय."

"साहेब, गट आत्ता वडखळला अडकलाय."

"म्हणजे?"

"संध्याकाळी सांगते." आणि चक्क साहेबांचा फोन कट केला. आयुष्यात पहिल्यांदा.

संदेश पुटपुटला, "मॅडम, तिथे कोणी हजर असतं तर आम्ही विचारलं असतं ना."

"मालक शेजारी बसलेला नसला की वस्तू कचरा होते का रे? तुझी मोटरसायकल पण रात्रभर रस्त्यावर असते!"

त्याने उगाचच हॉर्न दाबला. मी खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर तिथेच त्याला गाडीतून उतरवलं असतं.

कारखान्यात पोचलो तेव्हा आमच्या गोण्यांपैकी थोड्याच उरल्या होत्या. बाकीचं सगळं निळ्या-पिवळ्या भुग्याचा ढीग होऊन पडलं होतं. मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. मावशीला काय सांगायचं, हरेशचा चेहरा कसा असेल, सगळं डोळ्यांपुढे आलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू? उरलेल्या गोण्या आम्ही जमिनीवर ओतल्या. बोये निघाले, पण तारेचा एकही नाही.

सुपरवायझरने विचारलं, "नक्की काय शोधताय?"

"एक पिवळा कॅन. कानाला तांब्याची तार पिळलेली."

"मग तो इथे आलाच नाही. मशीनच्या पात्यात धातू गेला तर पातं तुटतं. म्हणून प्रत्येक नग आधी बघतो. कालपासून तांबं निघालेलं नाही."

"नक्की?"

"मॅडम, तांबं मिळालं असतं तर आमच्या पोरांनी वेगळं ठेवलं असतं. भंगारात त्याला भाव आहे."

म्हणजे बोया टेम्पोत चढलाच नव्हता. मग गेला कुठे? उचलला वाडीवाल्यांनी, निवडला संदेशच्या अंगणात. मी त्याच्याकडे बघितलं. तो उरलेले बोये डिकीत भरत होता आणि माझी नजर टाळत होता.

परतताना गाडी पुलावर आली तेव्हा तो एकदम म्हणाला, "मॅडम, ती तार... हिरवट पडलेली होती का?"

"मला काय ठाऊक! तू का विचारतोयस?"

"एक कॅन मस्त होता. रंग उडालेला, जुना, एकदम कोस्टल लुक. मी तो... जेवणाच्या शेडमध्ये लावलाय. लाइटच्या माळेसकट."

माझ्या तोंडून जे शब्द फुटले ते इथे छापण्यासारखे नाहीत.

"आधी का नाही बोललास?"

"तार म्हटल्यावरच आठवलं. आणि मग वाटलं, तो नसेलच. आणि... लाज वाटली."

"लाज गाडीत ठेव आणि ॲक्सिलेटर दाब."

त्याच्या शेडमध्ये पुण्याचं एक कुटुंब सुरमई खात बसलं होतं. त्यांच्या डोक्यावर मावशीचा बोया लुकलुकत होता. संदेश थेट त्यांच्या टेबलावर चढला. पाहुणे ताटं सावरत उठले. लाइटची माळ त्याने हौसेने त्याच तांब्याच्या तारेत गुंफून घट्ट आवळली होती. सोडवायला गेलो तर तार वाकायला लागली.

"कापू का?" त्याने कात्री घेतली.

"खबरदार! तार तुटली तर शिक्का गेला. प्लग काढ आणि तशीच उचल."

देवळापाशी पोचलो तेव्हा बेंजो वाजत होता, सोन्याचा कागद लावलेला नारळ पालखीत होता आणि बोयांची रांग मांडून झाली होती. मुख्य पंच पाटलांच्या हातात कुंकवाची वाटी. रांगेत मावशीच्या जागी हरेशचा नवाकोरा बोया. मावशी एका बाजूला खांबाला टेकून उभी होती. तिने नऊवारी नेसली होती, केसांत अबोली माळली होती. बोया नसताना सुद्धा ती नटून आली होती, हे बघून मला गलबलून आलं.

संदेश गर्दीतून वाट काढत पुढे गेला. हातात पिवळा कॅन, मागे फरफटत येणारी लाइटची माळ. बेंजो थांबला. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ह्यो काय बोया हाय?" हरेश ओरडला. "ह्ये तर हॉटेलचं झुंबर हाय! ह्याला कुंकू लावनार?"

पाटील खाली बसले. माळ बाजूला सारून त्यांनी तारेचे पीळ बोटाने चाचपले. संदेशच्या कपाळावरून घाम टपटपत होता.

"पीळ माझाच हाय," पाटील म्हणाले. त्यांनी हरेशचा बोया उचलून त्याच्या हातात दिला आणि मावशीच्या बोयाला कुंकू लावलं.

मावशी पुढे आली, बोया उचलून छातीशी धरला आणि ढसाढसा रडली. मग पदराने डोळे पुसून संदेशकडे वळली. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार.

संदेश म्हणाला, "मावशी, माळ सोडवून देतो. घरी शांतपणे, तार न दुखवता."

"नको. राहू दे. हरेशला लांबून दिसंल, कुनाची जागा हाय ती."

दुसऱ्या दिवशी तिची होडी सुटली ती माळेसकट. फोटो मी बीडीओ साहेबांना पाठवला. साहेबांनी विचारलं, यात स्वच्छता कुठे आहे? मी कळवलं, सुरुवात आहे साहेब.

गटाच्या पुढच्या बैठकीला कोळीवाड्यातून एकटी गुलाबमावशी आली. पहिल्या रांगेत खुर्ची ओढून बसली आणि नियम सांगितला, तो आम्ही जसाच्या तसा घेतला: किनाऱ्यावर वाकून काही उचलायच्या आधी उभं राहून हाक मारायची, "हे कुनाचं हाय?" उत्तर आलं नाही, तरच तो कचरा. गट अजून चालू आहे. संदेश सगळ्यात मोठ्याने हाक मारतो.