ताईचा नंबर

ड्रमवाल्याचा बँड त्याच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या गळ्यावर चालायचा. पण क्लबात हल्ली माणसं कमी आणि खुर्च्याच जास्त दिसायच्या. मालक म्हणाला, "गर्दी आणा, नाहीतर गाशा गुंडाळा." त्यांनी मुखवटे घालून वाजवलं, सोडत काढली, फुकट सरबत वाटलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी तालमीत उकडत होतं म्हणून दार उघडं ठेवलं, तर शेजारच्या लाँड्रीतली इस्त्रीवाली आत डोकावली. ताईनं सहज तिच्या हातात माईक दिला. बाई बेसूर, पण जीव तोडून गायली. शनिवारी ती परत आली, ती सासू, जावा, नणंदा असं अख्खं खटलं घेऊनच. मग ज्याला त्याला गायचं होतं, आणि प्रत्येकाच्या मागे वऱ्हाड. क्लबात पाय ठेवायला जागा उरेना.

ताईचा मात्र नंबरच लागेना.

एका संध्याकाळी ड्रमवाला म्हणाला, "ताई, आज एक तरी तू म्हण ना."

मागच्या खुर्चीवर पाय चोळत ती म्हणाली, "नको रे. त्यांची माणसं खोळंबलीत. माझं ऐकून टाळ्या वाजवायला आता तूच एक, आणि तुझे हात कधी मोकळे असतात?"

पुढचा गाणारा ताल सोडून सुरूही झाला होता. ड्रमवाला दमल्या हातांनी त्याला गाठायला लागला.