साडूंनी जोडलेला ब्लोअर

आमच्या थोरल्या साडूंइतका बंद पडलेल्या वस्तूंवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा झाला नसेल. मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरायचं म्हणजे आधी एखादा उघडा रेडिओ आणि मग कुणाचा तरी मिक्सर ओलांडावा लागे. कुणाकडे गेले तर अगोदर पंख्याचा आवाज ऐकत, मग यजमानांची विचारपूस करीत. दुरुस्ती करताना प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून तिच्यावर ते नातेवाइकांची नावं लिहीत. जी वायर लवकर तापे तिला हमखास सासूबाईंचं नाव असे.

माझ्या जुन्या गाडीचा ब्लोअर बंद पडला, तेव्हा अंधेरीला आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो दोन रविवार मांडला. दोन्ही रविवारी आम्ही जमिनीवर पानं घेतली. आतली पट्टी जळाली होती. तिच्या जागी दोन ट्रान्झिस्टर टाकून त्यांनी वेग कमीजास्त करणारं सर्किटच नवं जोडलं. वारा असा सुटला की बायकोने पदर धरला. जाताना साडू एवढंच म्हणाले, "फ्यूज उडाला तर मला कळवा. त्याच्या जागी दुसरं काही घालू नका."

महिन्याभरात फ्यूज उडाला. मुलुंडला निरोप धाडायचा मला कंटाळा आला आणि मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. सगळेच बसवतात. पुढच्याच आठवड्यात सासूबाईंना आणि साडूंना घेऊन सांताक्रूझला एका लग्नाला निघालो, तर वाटेतच डॅशबोर्डातून धूर यायला लागला. कार्यालयात पोचल्यावर सासूबाई चारचौघांत मला म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, यांच्या हातात काही देऊ नका. एखाद्या दिवशी जीव जाईल कुणाचा."

साडू शेजारीच उभे होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. गाडीपाशी जाऊन त्यांनी फ्यूजचा डबा उघडला, काळी पडलेली चांदी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि ती खिशात टाकली. परत येऊन सासूबाईंना म्हणाले, "माझंच सर्किट कच्चं राहिलं."

त्यानंतर नात्यातल्या कुणी त्यांच्याकडे काही दुरुस्तीला दिलं नाही आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. खरं काय ते सांगायला मी दोनदा मुलुंडला गेलो. दोन्ही वेळा चहा झाला, दोन्ही वेळा मी घसा खाकरला आणि त्यांनी क्रिकेटचा विषय काढला. आणि तो त्यांनी काढला म्हणून मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं वाटलं.