अष्टमीचं लिंबू

माझा धाकटा भाऊ दर अष्टमीला निपाणीत आमच्याकडं जेवायला यायचा. आम्ही जैन, त्या दिवशी हिरवं, म्हणजे ताजी भाजी, फळं खायची नाहीत, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. एरवी कोण कुणाकडं जातंय हो आता? पण अष्टमी चुकत नव्हती. मला वाचायला शिकवलं तेही यानंच. माझी शाळा दुसरीत सुटली. हा शाळेतून आला की चुलीपुढं राख पसरून माझ्याकडून अक्षरं गिरवून घ्यायचा.

मागच्या शुद्ध अष्टमीला जेवताजेवता त्यानं मोबाईल पुढं केला. "आक्का, पृथ्वी सपाट हाय. चंद्र कमीजास्त दिसतोय ते एक काळी वस्तू आड येत्या म्हणून."

"कसली वस्तू?"

"दिसत न्हाय ती."

"दिसत न्हाय, मग तुला कुठं गावली रं?"

माझी सून खुदकन हसली. तिथंच बिघडलं. "बस्तीतल्या जंबूद्वीपाच्या चित्रात पण सपाटच हाय," म्हणाला, आणि वर, "दुसरी शिकलेल्या बाईला काय कळतंय!" ताटात कधी शीत न टाकणारा माणूस, अर्धं ताट टाकून गेला.

बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जगाच्या त्या चित्रापुढं मी रोज हात जोडते. पण चंद्राची कुठली बाजू उजळलीय ते डोळ्यांनीच बघायला नको? पंधरा दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. तांदूळ निवडले तरी खडे राहायचे. फोन हातात घ्यायची, ठेवायची. चूक त्याची होती, पण माहेरचा म्हणून तेवढा एकच उरलाय मला.

वद्य अष्टमीला सकाळी मुगाचे सांडगे घालायला गच्चीवर गेले. पूर्वेला सूर्य चांगला वर आलेला, आणि पश्चिमेकडं झुकलेला अर्धा चंद्र. खाली येऊन लिंबू घेऊन गेले. अष्टमीला आम्ही लिंबू चिरत नाही, पण हातात धरायला काय पाप? हात लांब करून चंद्राशेजारी धरलं. सूर्याकडची बाजू लख्ख, दुसरी सावलीत. शेजारी चंद्रही तस्साच! मध्ये काळं ना गोरं, काहीच नाही.

फोन लावला. "लिंबू घिऊन उन्हात जा, चंद्राशेजारी धर."

"मला शिकवतीस व्हय?"

"तूच शिकवलास की मला. बघून सांग."

पलीकडं दार उघडल्याचा आवाज आला. मग, "हितं ढग आलाय."

दोन मैलांवर त्याचं गाव, आणि आभाळ धुऊन पुसल्यासारखं. जिभेवर आलेलं गिळलं. "असंल रं. जेवायला येतोस न्हवं?" तोवर फोन बंद.

दुपारभर दारात फेऱ्या. सून म्हणाली, "आत्ती, बसा की जरा." बसवलं तर पाहिजे!

पाच वाजता आला. चप्पल काढली, शर्टाच्या खिशातून लिंबू काढून कट्ट्यावर ठेवलं आणि गुमान पाटावर बसला. सून माझ्याकडं बघत होती. बघितलंस का, असं विचारायचं माझ्या लई मनात होतं.

मी भात वाढला.